पागेतील घोड्याचे अंग

मराठ्यांच्या इतिहासावर आजवर जे विपुल लेखन झाले आहे त्यात घोडा पानोपानी भेटतो. परंतु तो बहुधा धावताना भेटतो. कोणत्या सरदाराने किती मजला मारल्या, कोणती नदी कोठे उतरली, शत्रूच्या रसदेवर कसा घाला घातला, हे सारे आपण आवडीने वाचतो. ज्या जनावराच्या पाठीवर बसून हे पराक्रम झाले त्याच्या बरगड्या त्या दिवशी झाकलेल्या होत्या की उघड्या पडल्या होत्या, हे मात्र क्वचितच कोणी सांगतो. पागेवरच्या हवालदारास, कारकुनास आणि मोतद्दारास हा प्रश्न रोज सकाळी पडत असे. घोडदळावर उभ्या असलेल्या राज्यात घोड्याच्या अंगावरचे मांस ही केवळ मोतद्दाराची बाब नव्हती. तो दौलतीचा हिशेब होता, आणि वहीतला हिशेब बिघडल्याचे कळण्यापूर्वी तो घोड्याच्या पाठीवर दिसू लागत असे. या वर्षीच्या स्मरणिकेसाठी आम्ही हा विषय घेतला तो याच समजुतीने.

आपल्या भाषेत या गोष्टीस ‘अंग’ हाच शब्द आहे. जनावर अंग धरते, अंग टाकते, खाल्लेले त्याच्या अंगी लागते किंवा लागत नाही. या एका शब्दात चरबी, मांस आणि तकवा या तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. त्या वेगळ्या करून पाहणे हीच पारख होय, आणि ती फार जुनी आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. घोडा दाखल होताच त्याचे कूळ, वय, वर्ण, अंगावरच्या खुणा, वर्ग आणि तो कोठून आला हे लिहून ठेवावे, असा तेथे दंडक आहे. पुढे उत्तम घोड्याची मापे अंगुळांत दिली आहेत: मुख बत्तीस अंगुळे, उंची मुखाच्या चौपट, छातीचा घेर शंभर अंगुळे. मग दाणा, स्नेह, मीठ, गवत यांचा शिधा वर्गवार बांधून दिला आहे. व्यालेल्या घोडीस पहिले तीन दिवस तूप द्यावे, इतक्या बारकाईपर्यंत ग्रंथकार गेला आहे. मापे आणि शिधा एकाच प्रकरणात यावीत याचा अर्थ उघड आहे. किती खाऊ घातले आणि ते अंगी किती लागले, या दोहोंचा ताळा पाहिल्याशिवाय अध्यक्षाचे काम पुरे होत नव्हते.

हा ताळा जेथे पाहिला जात नसे तेथे काय होई, याची साक्ष तेराव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या मार्को पोलो या व्हेनिसच्या प्रवाशाने देऊन ठेवली आहे. दक्षिणेतील माबर देशाचे, म्हणजे पांड्यांच्या मुलुखाचे, राजे अरबस्तान व इराणकडून दरसाल हजारो घोडे विकत घेत आणि वर्ष सरेपर्यंत त्यांतले थोडेच जिवंत राहत. तेथे नालबंद नव्हते, सांभाळणारी जाणती माणसे नव्हती, आणि घोड्यास शिजविलेला भात व मांस चारीत, असे तो लिहितो. आमच्या ठाण्याविषयीही त्याने एक मजेदार गोष्ट नोंदविली आहे: तेथील राजाने चाच्यांशी करार केला होता की, लुटीतले बाकी सारे त्यांनी घ्यावे, घोडे मात्र राजास द्यावेत. सोने सोडून घोडे मागणारा राजा घोड्याची किंमत जाणत होता हे खरे. तो ती सांभाळूही शके की नाही, हे पोलो सांगत नाही.

मोठ्या फौजा बाळगणाऱ्या सुलतानांस दुसरीच अडचण होती. सरदार कागदावर शंभर घोडे दाखवी, पगार शंभरांचा घेई, आणि हजिरीच्या दिवशी शेजाऱ्याची तट्टे मागून आणी. त्यावर अल्लाउद्दीन खलजीने घोड्यास डाग देण्याची आणि स्वारांचे वर्णन लिहून ठेवण्याची पद्धत घातली. अकबराने ती पुन्हा कडकपणे चालविली. डागामुळे घोडा तोच आहे हे सिद्ध होई, परंतु तो पूर्वीसारखाच आहे हे सिद्ध होत नसे. सहा महिन्यांपूर्वी डागलेला धष्टपुष्ट घोडा आज हाडांचा सापळा झाला असेल, तर डागाचा काय उपयोग? अबुल फज़लच्या ‘ऐन-इ-अकबरी’त यासाठी ‘पागोश्त’ नावाचा नियम आहे. बादशाही जनावरे किती पुष्ट वा किती रोड आहेत याचे दर्जे बांधून दिलेले होते. अनुभवी माणसे वेळोवेळी तपासणी करीत, आणि जनावराने अंग टाकल्याचे आढळले तर त्यावर नेमलेल्या माणसांस दंड होई. चरबीचा दर्जा ठरवून त्यावर पगाराचा हिशेब करण्याची ही रीत चारशेहून अधिक वर्षांपूर्वीची आहे. पशुवैद्यकाने हाच मार्ग अगदी अलीकडे नव्याने चोखाळला. त्याकडे पुढे वळू.

आता आपल्या मुलुखाकडे येऊ. भीमा आणि नीरा या नद्यांच्या काठी जी घोडी पैदा होत त्यांस भीमथडी म्हणत. टॉमस ब्रौटन हा इंग्रज अधिकारी १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीत होता. मराठे भीमेकाठच्या घोड्यांस सर्वांत अधिक मानतात, असे सांगून तो त्यांचे वर्णन करतो: मध्यम उंची, मजबूत बांधा, बहुधा गडद तांबूस रंग आणि काळे पाय. हे घोडे इराणी वा तुर्की घोड्यांसारखे दांडगे नव्हते. त्यांस दाणा कमी लागे, डोंगरी वाट सोसे, आणि गवत-कडब्यावर ते अंग राखून असत. मराठ्यांच्या चपळाईचे श्रेय गनिमी काव्यास जितके दिले जाते तितके या अल्प आहारास दिले जात नाही, याचे आम्हांस नेहमी आश्चर्य वाटते. ज्या फौजेच्या घोड्यास दोन्ही वेळा भरगच्च तोबरा लागतो तिच्यामागे दाण्याचे बैल चालावे लागतात, आणि बैलांच्या चालीपेक्षा ती फौज जलद चालू शकत नाही.

सभासदाने आपली बखर जिंजीस राजाराम महाराजांच्या काळात लिहिली. तीत शिवछत्रपतींच्या पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांस एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, पाच हजाऱ्यांवर पंचहजारी, आणि सर्वांवर सरनोबत. या उतरंडीतली आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटणारी ओळ अगदी खालची आहे: दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. म्हणजे पाणी आणि खूर यांची जबाबदारी नेमून दिलेल्या माणसावर होती, आणि त्याच्या हाताखाली किती घोडी हेही ठरलेले होते. पंचवीस घोडी एक माणूस नावानिशी ओळखू शकतो. कोणत्या घोडीने काल तोबरा अर्धा टाकला हे त्यास सांगता येते. दोनशे घोडी त्याच्या गळ्यात घातली तर सगळीच त्यास सारखी दिसू लागतात.

पावसाळ्यात फौज छावणीस येई. दसऱ्यास बाहेर पडे. आठ महिने परमुलुखात पोट भरी. निघताना लहानथोरांच्या सामानाची यादी होई आणि परतल्यावर तिच्याशी ताडून झाडा घेतला जाई. छावणीचे चार महिने हा विश्रांतीचा काळ वाटतो. परंतु पागेच्या दृष्टीने वर्षातला सर्वांत धोक्याचा काळ तोच होता, आणि त्याचा पुरावा प्रत्यक्ष महाराजांच्या एका पत्रात आहे.

राज्याभिषेकाच्या थोडे आधी, पावसाळा तोंडावर आला असताना, चिपळूणनजीक हलवर्ण येथे मुक्काम असलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांस हे पत्र लिहिलेले आहे. रयतेच्या गवताच्या काडीसही हात लावू नये, हा त्यातला भाग सर्वांस ठाऊक आहे आणि सभांतून तो वारंवार सांगितला जातो. पत्राचा आरंभ मात्र नीतीने होत नाही, हिशेबाने होतो. दाभोळच्या सुभ्यात पावसाळ्याकरिता पागेचा म्हणून जो साठा केला होता त्यातला बराचसा लष्कराच्या मुक्कामामुळे खर्चून गेला आहे. उरलेला बेताने पुरवावयाचा आहे. आता हाती आहे म्हणून मन मानेल तसे चाराल, तर ऐन पावसाळ्यात काही मिळणार नाही. घोडी उपाशी राहतील, मरू लागतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. मग भुकेच्या पोटी तुम्ही कुणब्याच्या घरात शिराल, आणि त्यास मोगल बरे वाटू लागतील. असा त्या पत्राचा ओघ आहे. पुढे आगीची ताकीद आहे. कोणी चुली पेटवील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेईल, रात्री दिवा तसाच राहील, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताची गंजी पेटेल. मग पागा कशी जगणार? छत्रपतीने उंदराचा विचार करावा, यावरून पागेचे गणित त्यांच्या मनात किती बारीक उतरले होते हे दिसते.

ते गणित आपणही करून पाहू. घोड्यास दिवसाकाठी आपल्या वजनाच्या सुमारे दीड ते दोन टक्के कोरडा चारा-दाणा लागतो. अडीचशे किलो वजनाच्या लहान घोड्याचे हे प्रमाण चार ते पाच किलो पडते. पाच किलो धरले तर शंभर घोड्यांच्या पागेस १२० दिवसांच्या छावणीत ६०,००० किलो वैरण-दाणा हवा. त्यातला तिसरा हिस्सा वैशाखातच उडाला तर उरलेल्यात शंभर घोडी ८० दिवस काढतील, आणि शेवटचे चाळीस दिवस, म्हणजे नेमके दसऱ्यापूर्वीचे, उपासाचे जातील. कोकणात त्या दिवसांत हिरवे गवत कमरेइतके असते हे खरे. परंतु पावसात भिजलेल्या कोवळ्या गवतात पाणीच फार. घोडा दिवसभर चरतो, पोट टम्म दिसते, आणि अंग उतरत जाते.

या पोटाने पुष्कळांस फसविले आहे. नवखा माणूस घोड्याचे पोट पाहून घोडा जाड म्हणतो. निकृष्ट वैरणीने किंवा जंतांनी पोट सुटलेल्या घोड्याची पाठ पाहावी. कण्याची रांग मोजता येईल अशी उघडी असते. गाभण घोडीचेही तेच. म्हणून जाणता माणूस पोटाकडे शेवटी पाहतो. तो प्रथम सहा ठिकाणी हात लावतो: आयाळीखाली मानेचा वरचा काठ, मान संपून पाठ सुरू होते तेथील उंचवटा, तंगाच्या जागी खांद्यामागचा भाग, बरगड्या, कंबरेवरचा कणा, आणि शेपटीचे मूळ. घोडा चरबी साठवितो ती याच जागी कातडीखाली हाताला लागते, आणि अंग टाकतो तेव्हा याच जागी हाडे वर येतात.

ही सहा ठिकाणे आम्ही जुन्या पोथीतून सांगत नाही. अमेरिकेतील टेक्सास ए. अँड एम. विद्यापीठात डॉन हेन्नेके व त्यांचे सहकारी यांनी घोड्यांची पाहणी करून १९८३ साली ही पद्धत प्रसिद्ध केली, आणि आज जगभर तीच प्रमाण मानली जाते. तीत एक ते नऊ असे अंक आहेत. एक म्हणजे केवळ हाडे व कातडी. नऊ म्हणजे मान, पुठ्ठे, शेपटीचे मूळ सर्वत्र चरबीचे थर आणि पाठीवर मधोमध खोल पन्हळ. पाच अंकाच्या घोड्याच्या बरगड्या डोळ्यास दिसत नाहीत, पण बोटांस सहज लागतात. पाठ सपाट असते, कणा उंच नाही आणि पन्हळही नाही. चारावर बरगड्यांच्या रेषा पुसटशा दिसतात. त्या पाहणीचा मूळ हेतू घोड्या गाभण राहण्यासंबंधीचा होता. पाचाखाली अंग असलेल्या घोड्या गाभण राहण्यास अवघड जातात, असे तीत आढळले. नेमका हाच अनुभव पैदाशीच्या घोड्या बाळगणाऱ्यांस पिढ्यान् पिढ्या येत असला पाहिजे.

हात लावणे का आवश्यक, तेही सांगितले पाहिजे. थंडीत घोड्यास लांब केस येतात आणि केसांखाली बरगड्या लपतात. याचे एक सोपे माप आहे; घरी मुलांसही दाखविता येईल. मूठ आवळावी आणि बोटांच्या पेरांवरून दुसऱ्या हाताची बोटे फिरवावीत: बरगड्या तशा लागल्या तर घोडा रोड. पंजा सरळ धरून त्याची पाठ चाचपावी. तसे लागले तर अंग बेताचे. तळहाताचा मांसल भाग दाबावा; तसे लागले तर दाणा कमी करावा. वजनासाठी काटा नसेल तर दोरी पुरते. १९८८ साली कॅरल व हंटिंग्टन यांनी दिलेला हिशेब असा: छातीचा घेर सेंटिमीटरांत मोजून त्याचा वर्ग करावा, त्यास खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणावे, आणि ११,८७७ ने भागावे, उत्तर किलोत येते. घेर १५० व लांबी १३५ असेल तर वजन २५६ किलोच्या आसपास. कौटिल्याने घेराचे माप का दिले असावे, हे येथे ध्यानात येते.

घोडा रोडावला की पहिला फटका पाठीस बसतो. खोगीर ज्या पाठीवर बेतलेले असते ती पाठच उरत नाही. कण्याच्या दोहो बाजूंचे मांस जाते आणि खोगिराचे ओझे हाडावर येते. मग पाठ लागते, जखम चिघळते, आणि घोडा एरवी धडधाकट असूनही महिनाभर स्वारीस निरुपयोगी होतो. असे होऊ नये म्हणून खोगिरात चिंध्या, गवत, मिळेल ते भरून ते जाड करीत. निरुपयोगी माणसांच्या गर्दीस आपण आज ‘खोगीरभरती’ म्हणतो. तो शब्द या भरावातून आला. मूळची खोगीरभरती निरुपयोगी मात्र नव्हती; तिच्यावर पुष्कळ पाठी वाचल्या आहेत.

आतापर्यंत रोडपणाचेच बोललो. लठ्ठपणाही तितकाच वाईट, आणि मराठी घरांत तो मुलांच्या उखाण्यात जाऊन बसला आहे: भाकरी का करपली, पाने का सडली, घोडा का अडला? उत्तर एकच, न फिरविल्यामुळे. छावणीत चार महिने बांधून ठेवलेला आणि दाणा भरपूर मिळालेला घोडा गुबगुबीत दिसतो, त्याची कातडी चमकते, धन्यास अभिमान वाटतो. दसऱ्यास त्यालाच लांबच्या मजलेवर काढले तर तो पहिल्या आठवड्यात धापा टाकतो, घामाने निथळतो, लंगडू लागतो. चरबी म्हणजे तकवा नव्हे. आजचे पशुवैद्यक आणखी एक गोष्ट सांगते: मानेच्या वरच्या काठावर चरबीची घट्ट वळी साठू लागली तर खुरांच्या आतल्या दाहाचा धोका वाढतो, आणि हा दाह घोड्यास कायमचा जायबंदी करू शकतो. २००९ पासून मानेच्या या चरबीचेही शून्य ते पाच असे वेगळे अंक मांडले जातात. शर्यतीच्या घोड्याच्या मागच्या दोनतीन बरगड्या किंचित दिसतात ते उपासाने नव्हे. त्याचे पुठ्ठे पाहावेत, ते भरलेले असतात. उपाशी घोड्याचे पुठ्ठे खोल गेलेले असतात. हा भेद ज्यास कळला त्यास निम्मी पारख आली असे समजावे.

घोडा कोणाचा, या प्रश्नावरही त्याचे अंग अवलंबून असे. बारगिरास घोडा सरकारातून मिळे. शिलेदार आपला घोडा आपण आणी. शिलेदारास मोहिमेच्या आरंभी नालबंदी म्हणून आगाऊ रक्कम देत, ती घोडा व सामान तयार करण्याकरिता. स्वतःचा घोडा असल्यामुळे शिलेदार त्याची निगा अधिक राखी, हे उघड आहे. परंतु घोडा मेला की त्याची उपजीविकाही मरे. म्हणून लढाईच्या भरात घोडा धोक्यात घालण्यास त्याचे मन कचरे. पागेच्या बारगिरास ही भीती नव्हती. उलट सरकारी घोड्यास तोबरा अर्धा देऊन उरलेला दाणा विकण्याचा मोह त्याच्या आसपासच्यांस होई. शिवछत्रपतींचा कल पागेकडे अधिक होता, पुढे पेशवाईत शिलेदारांची संख्या वाढत गेली. यातली कोणती पद्धत चांगली यावर विद्वानांत मतभेद आहेत. आमचे मत असे की, पागेची पद्धत चांगली, पण ती सरनोबताच्या नजरेइतकीच चांगली.

आणि आता पानिपत. त्या पराभवाची कारणे अनेक आहेत आणि ती सर्व घोड्याच्या पाठीवर लादण्याचा आमचा मानस नाही. तरीही घटनांचा क्रम या दृष्टीने एकदा पाहावा. १७ ऑक्टोबर १७६० रोजी भाऊसाहेबांनी कुंजपुरा घेतला तेव्हा धान्याचा मोठा साठा हाती आला होता. पुढे अब्दालीने बागपताजवळ यमुना उतरून दिल्लीची वाट रोखली. नोव्हेंबरच्या आरंभापासून दोन्ही फौजा पानिपतावर समोरासमोर बसल्या. मराठ्यांच्या गोटात लढवय्यांखेरीज बायकामुले, यात्रेकरू, बाजारबुणगे अशी हजारो माणसे होती. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेची उरलीसुरली आशाही गेली. १४ जानेवारी १७६१ रोजी लढाई झाली. म्हणजे जवळजवळ अडीच महिने हजारो घोडी एका जागी बांधलेली, भोवतालचा चारा पहिल्या काही आठवड्यांतच संपलेला, आणि काळ उत्तरेतील ऐन थंडीचा.

थंडीचा मुद्दा इतिहासकारांनी माणसांपुरता पाहिला आहे; घोड्यांपुरता तो अधिक भयंकर आहे. घोडा थंडीत ऊब मिळवितो ती दोन मार्गांनी: कातडीखालची चरबी ऊब राखते, आणि वैरण पचताना आतून ऊब निर्माण होते. म्हणून थंडीत घोड्यास वैरण अधिक लागते, कमी नव्हे. दख्खनच्या उबदार हवेत वाढलेल्या घोड्यांस पानिपताच्या धुक्यात जास्त वैरण हवी होती, आणि नेमकी तेव्हाच ती तुटत गेली. एकदा चरबी सरली की शरीर आपलेच मांस जाळू लागते. पुठ्ठे खोल जातात, मान पातळ होते. असे उतरलेले अंग दोनचार दिवसांच्या चाऱ्याने परत येत नाही, त्यास महिने लागतात. काशिराज पंडिताच्या वृत्तांतात लढाईच्या आदल्या रात्री सरदार व शिपाई भाऊसाहेबांकडे जाऊन दोन दिवसांच्या उपासाचे सांगतात आणि उपासाने मरण्यापेक्षा लढून मरू म्हणतात. त्या रात्री माणसांचा निश्चय झाला. घोड्यांस निश्चय करता येत नाही. सकाळी ज्या घोडदळाने चढाई करावयाची होती त्याच्या पाठीखाली काय उरले होते, याचा अंदाज वाचकांनीच करावा. दुपारपर्यंत झुंज बरोबरीची, किंबहुना मराठ्यांच्या बाजूची होती. सायंकाळी पळ सुटला तेव्हा ताज्या दमाच्या घोड्यांवरच्या पाठलागापुढे ही घोडी टिकाव धरू शकली नाहीत, हा आमचा तर्क आहे, आणि पशुवैद्यकास विचारले तर तोही निराळे सांगणार नाही.

पेशवाईच्या अखेरीनंतर शिलेदारीची पद्धत इंग्रजांनी आपल्या हिंदी घोडदळात चालू ठेवली. स्वार आपला घोडा आणी, आणि दरमहा चंद्याच्या फंडात काही रक्कम टाकी. घोडा मेला तर त्यातून दुसरा मिळे. १८१७ साली उभे राहिलेले पुणे हॉर्स हे अशा घोडदळांपैकीच. पहिल्या महायुद्धात घोडी इतक्या झपाट्याने मेली की हा फंड पुरेना, आणि युद्धानंतर शिलेदारी बंद झाली. इकडे भीमथडीचे बाजार ओस पडले. फौजेची मागणी गेली, मोठ्या बांध्याच्या परदेशी घोड्यांस पसंती मिळू लागली, आणि भीमाकाठचे घोडे धनगर-मेंढपाळांच्या बिऱ्हाडाचे ओझे वाहू लागले. त्यांनीच तो वंश राखला. जानेवारी २०२४ मध्ये कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन केंद्राने भीमथडीस देशातील आठवी अश्वजात म्हणून नोंद दिली. इतिहासात ज्याचे नाव इतके गाजले त्यास वही-खात्यात जागा मिळण्यास इतका काळ लागला.

आज घोडा बघावयाचा तर दत्तजयंतीस सारंगखेड्यास किंवा खंडोबाच्या यात्रेस नांदेड जिल्ह्यातील माळेगावास जावे. तेथे मोठ्या किमतीची जनावरे येतात, आणि बाजारात आणण्यापूर्वी त्यांस गूळ-पीठ चारून फुगविण्याची युक्तीही तितकीच जुनी आहे. चमकत्या कातडीवर व झुलीवर जाऊ नये. झूल काढावयास सांगावी, बरगड्यांवर सपाट हात फिरवावा, मग मानेचा काठ चाचपावा, आणि घोडा अर्धा कोस चालवून त्याचा श्वास पाहावा.

आपल्या मंडळाच्या सभासदांपैकी ज्या घराण्यांत पूर्वी पागा होती, शिलेदारी होती किंवा पागेची कारकुनी होती, त्यांच्या माळ्यावर अद्यापि मोडी कागदांची रुमाले असण्याचा संभव आहे. राजवाड्यांनी १८९८ साली आपल्या साधनांचा पहिला खंड काढला तो पानिपतच्या काळातील पत्रांचाच होता, आणि ती पत्रे अशीच घरोघरच्या अडगळीत पडलेली होती. तहनामे व सनदा लोक जपून ठेवतात. दाणा-वैरणीचे ताळेबंद, घोड्यांचे रंग, खुणा व किंमती लिहिलेल्या याद्या मात्र क्षुल्लक म्हणून रद्दीत जातात. यादीत एखाद्या घोडीपुढे रोड झाल्याचा, पाठ लागल्याचा किंवा चाकरीस निकामी ठरल्याचा शेरा असेल तर तो त्या वर्षीच्या पिकापाण्याचा आणि खजिन्याचाही पुरावा आहे. असे कागद ज्यांच्याकडे असतील त्यांनी ते उन्हात टाकू नयेत, चिकटपट्टी लावू नये, आणि मोडी वाचणाऱ्या जाणकारास किंवा १९१० पासून पुण्यात हेच कार्य करीत असलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळास एकदा दाखवावेत.